महिला आयोग व आमच्या गांवच्या मुली

ह्या वर्षीं नववीच्या वर्गांत नागरिकशास्त्र शिकवीत असतां "राज्य महिला आयोग" हे शब्द निघाले. आयोगास इंग्रजींत 'कमिशन' म्हणतात, असें आम्हीं सांगतांच मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर केला. त्याच्या वडिलांचा माल दरसाल परभणीच्या मोंढ्यांत जातो. तो म्हणाला, "सर, कमिशन म्हणजे आडत्या घेतो तेंच ना? मग बायकांच्या तक्रारींवर कमिशन कोण घेतें?" सारा वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही हंसूं आलें. परंतु मुलाचा प्रश्न अगदींच वेडगळ होता असें नाहीं. जी संस्था मुंबईस आहे, जिचें नांव वर्तमानपत्रांतून कधींमधीं वाचावयास मिळतें, आणि जिच्या दारीं ताडकळसहून गेलेली एकही व्यक्ति त्यानें पाहिलेली नाहीं, तिजविषयीं त्यानें मोंढ्यावरून अनुमान केलें, ह्यांत त्याचा दोष काय?

त्याच खोलींत, खिडकीजवळच्या बाकावर, कांहीं वर्षांपूर्वीं एक मुलगी बसत असे. तिच्यामुळें ह्या प्रश्नाचें उत्तर नीट देणें आम्हांस अगत्याचें वाटलें, व तें वर्गापुरतें न ठेवतां पालकांच्याही हातीं पडावें म्हणून ह्या वार्षिकांत लिहिण्याचें योजिलें. तिची हकीकत पुढें ओघानें येईल.

आयोग म्हणजे एखाद्या विषयाची चौकशी करून त्यासंबंधीं आपलें मत सरकारास कळविण्याकरितां सरकारनें नेमलेलें मंडळ. हा प्रकार आपल्या देशांत नवा नाहीं. १८८२ सालीं शिक्षणाची पाहणी करण्यासाठीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं असाच एक आयोग नेमला गेला होता. त्याच्यापुढें पुण्यास एका चोवीस वर्षांच्या स्त्रीनें साक्ष दिली. त्याच वर्षाच्या आरंभीं तिला वैधव्य आलेलें होतें, कडेवर लहान मुलगी होती, आणि पुण्यासारख्या शहरांत ती नुकतीच येऊन राहिली होती. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. पुढें ज्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें व केडगांवीं मुक्तिसदन उभारिलें, त्या ह्याच. आमच्या ख्रिस्ती समाजांत त्यांचें नांव न ऐकिलेलें घर क्वचितच असेल. परंतु ही साक्ष दिली तेव्हां त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. मुलींना शिकविण्यास स्त्रिया शिक्षिका तयार कराव्या, मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्रिया नेमाव्या, आणि ह्या देशांतील बायका पुरुष वैद्यापुढें आपलें दुखणें सांगत नाहींत म्हणून स्त्रियांना वैद्यकी शिकवावी, असें त्यांनीं आयोगास सांगितलें. आयोगावर बसलेले सारे पुरुष होते. त्यांच्यापुढें एक विधवा उभी राहून बोलली, आणि तें लिहून घेतलें गेलें. त्या काळीं हेंच केवढें नवल!

स्त्रियांच्या गाऱ्हाण्यांसाठीं कायमचा, आणि स्त्रियांनींच चालविलेला आयोग असावा, ही कल्पना मात्र बरीच उशिरां आली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें स्त्रियांच्या दर्जाचा विचार करणारा एक आयोग नेमिला. त्याच सुमारास मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. त्याच्या पहिल्या कलमांत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून 'सर्व मानव' अशी करण्याचा आग्रह हिंदुस्थानच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता यांनीं धरिला व तो सिद्धीस नेला. शब्द एकच, पण तो बदलावयास एक स्त्री तेथें बसलेली असावी लागली. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आपल्या देशांत १९७१ सालीं स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठीं केंद्र सरकारनें एक समिति नेमिली. डॉ. फुलरेणु गुहा ह्या तिच्या अध्यक्षा होत्या. १९७४ च्या अखेरीस समितीचा अहवाल तयार झाला, तेव्हां स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचें सारें कांहीं आपोआप सुधारत आहे अशा समजुतींत असलेल्या सुशिक्षितांना तो वाचून धक्काच बसला. १९०१ सालीं देशांत दर हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ सालीं त्या ९३० झाल्या होत्या. कागदावर हक्क वाढत होते आणि माणसें कमी होत होतीं! त्या अहवालांतील पुष्कळ सूचनांपैकीं एक अशी होती कीं, स्त्रियांच्या हिताकडे सतत लक्ष देणारे आयोग केंद्रांत व राज्यांत कायद्यानें स्थापावे. ही सूचना अमलांत येण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० सालीं झाला व तो आयोग जानेवारी १९९२ मध्यें अस्तित्वांत आला. महाराष्ट्रानें त्यानंतर फार दिवस लाविले नाहींत. येथील राज्य महिला आयोग १९९३ च्या जानेवारींत स्थापन झाला व त्याचा कायदाही त्याच सालचा आहे.

ह्या आयोगाची कचेरी मुंबईस वांद्र्याला, म्हाडाच्या गृहनिर्माण भवनांत आहे. एक अध्यक्षा, सहा अशासकीय सदस्य, कारभार पाहणारे एक सदस्य-सचिव, आणि ह्यांखेरीज राज्याचे पोलीस महासंचालक हे पदसिद्ध सदस्य, अशी त्याची रचना आहे. अध्यक्षा व सदस्य यांची मुदत तीन वर्षांची असते. पोलिसांच्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यास ह्या मंडळांत कां बसविलें, हें वाचकांनीं थोडा विचार केल्यास कळेल. बाईची तक्रार पहिल्यानें जेथें अडते तें ठिकाण बहुधा पोलीस ठाणें असतें.

आतां आयोग करतो काय व काय करीत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. कारण पालकांशीं बोलतांना आम्हांस दोन अगदीं उलट गैरसमज आढळले. कित्येकांस वाटतें कीं, आयोगाकडे गेलें म्हणजे नवरा तुरुंगांत गेलाच. दुसऱ्या कित्येकांस वाटतें कीं, आयोग म्हणजे नुसती पत्रें लिहिणारी कचेरी. दोन्ही समज खरे नाहींत. आयोग हें न्यायालय नव्हे. तो कोणास शिक्षा देत नाहीं, पोटगी ठरवीत नाहीं, काडीमोड करून देत नाहीं. जो दावा न्यायालयांत चालू आहे त्यांत तो सहसा हात घालीत नाहीं. परंतु चौकशी करतांना त्याला दिवाणी न्यायालयाचे कांहीं अधिकार कायद्यानें दिलेले आहेत. तो माणसास हजर राहण्याचा हुकूम पाठवूं शकतो, शपथेवर जबानी घेऊं शकतो, कागदपत्रें मागवूं शकतो. म्हणजे दंडुका त्याच्या हातीं नाहीं. पण "तूं येथें ये, आणि विचारलेल्याचें उत्तर दे," असें म्हणण्याचा अधिकार आहे. ज्या बाईस तिच्या स्वतःच्या घरांत कोणी कधीं उत्तर दिलेलें नाहीं, तिच्या दृष्टीनें हा अधिकार लहान नव्हे.

समजा, आमच्या आसपासच्या एखाद्या खेड्यांतील बाईस सासरच्यांनीं दोन लेंकरांसह घराबाहेर काढिलें. ती पोलीस ठाण्यांत गेली. तेथें तिला "घरचें भांडण घरींच मिटवा" असें सांगून परत लाविलें. आतां तिनें साध्या कागदावर, साध्या मराठींत, आपलें नांव, गांव, तालुका, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचें नांव व पत्ता, आणि काय घडलें तें तारखांसह लिहून आयोगाकडे टपालानें पाठवावें. ह्यासाठीं फी पडत नाहीं व वकील लागत नाहीं. आयोगाच्या कचेरींत अर्जाची नोंद होते, संबंधित पोलिसांकडून अहवाल मागविला जातो, आणि जरूर वाटल्यास दोन्ही पक्षांना बोलावून समोरासमोर ऐकून घेतात. कित्येक भांडणें समुपदेशानें, म्हणजे समजावणीनें, मिटतात. जीं मिटत नाहींत त्यांत बाईस पुढची वाट दाखविली जाते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, विधि सेवा प्राधिकरण ह्या त्या वाटा होत. विधि सेवेचा कायदा फार थोड्यांस माहीत आहे, म्हणून येथें मुद्दाम लिहितों: स्त्रीला, मग तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयांतच त्याची समिति असते.

मुंबई आमच्यापासून रात्रभराच्या आगगाडीच्या अंतरावर आहे. जिला परभणीस जावयाचें तरी घरांत विचारावें लागतें, ती वांद्र्यास कशी जाणार? ही अडचण आयोगाच्याही ध्यानांत आलेली दिसते. अलीकडे "महिला आयोग आपल्या दारी" ह्या नांवानें आयोगानें जिल्ह्याजिल्ह्यांत जनसुनावण्या घेतल्या. अध्यक्षा जिल्ह्याच्या ठिकाणीं येतात, पोलीस, महिला व बालविकास खातें, विधि सेवेचे वकील अशीं सगळीं माणसें एका दालनांत बसतात, आणि बायका रांगेनें येऊन आपलें गाऱ्हाणें सांगतात. १८८२ सालीं रमाबाई ज्या टेबलाच्या अलीकडे उभ्या होत्या, त्याच्या पलीकडे आतां एक स्त्री बसलेली असते, एवढा फरक शंभराहून अधिक वर्षांत पडला.

ह्याखेरीज आयोगाचें आणखी एक काम आहे, आणि आमच्या मतें तेंच अधिक मोलाचें आहे. एका बाईच्या तक्रारीवरून, ती तक्रार ज्या नियमामुळें उत्पन्न झाली तो नियमच बदलण्याची शिफारस सरकारास करणें, हें तें काम होय. हें समजावून देण्यासाठीं वर्गांत आम्हीं जुन्या करारांतील सलाफहादाच्या पांच मुलींची गोष्ट सांगितली. बाप वारला, भाऊ नाहीं, आणि रिवाजाप्रमाणें वतन मुलींस मिळावयाचें नाहीं. तेव्हां महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ह्या पांच बहिणी दर्शनमंडपाच्या दारापाशीं मोशे, याजक व सर्व सरदार यांच्यापुढें उभ्या राहिल्या व त्यांनीं आपलें म्हणणें मांडिलें. मोशेनें स्वतः निकाल दिला नाहीं. त्यानें तें प्रकरण परमेश्वरापुढें नेलें. त्यांचें म्हणणें रास्त ठरलें, आणि नियम झाला तो त्या पांच जणींपुरता नव्हे, तर सर्वांच्या मुलींसाठीं झाला. ऐकून घेणारा एक, निर्णय देणारा दुसरा, आणि एका घरच्या गाऱ्हाण्यांतून सर्वांचा कायदा, हें आयोगाच्या कामाचें अगदीं नेमकें चित्र आहे. वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "त्या पांचही जणी लिहितां वाचतां येणाऱ्या होत्या का?" ह्याचें उत्तर शास्त्रांत नाहीं. पण त्या पांच होत्या, एकटी नव्हती, हें मात्र आहे.

कधीं कधीं आयोग कोणाच्या अर्जाची वाट न पाहतां स्वतःहून दखल घेतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या बायकांवर गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येनें, व तरुण वयांतही, झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या. त्या वाचून राष्ट्रीय महिला आयोगानें महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठविली. पुढें राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. ८२ हजारांहून अधिक बायकांची विचारपूस झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींवर अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. हें असें कां व्हावें? ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यास. बाईचा एक दिवस खाडा पडला तर दोघांचा रोज जातो, वर दंड बसतो. मग दुखणें काढण्यापेक्षां तें मुळासकट काढून टाकलेलें बरें, असें बायकांस वाटूं लागतें किंवा वाटावयास लाविलें जातें.

कोयत्याचें हें गणित आमच्या परभणी जिल्ह्यासही परकें नाहीं. दसरा-दिवाळीनंतर गांवांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक भरून जातात. कोयता पुरा करावयाचा तर मुलाचें लग्न झालेलें पाहिजे. इकडे मुलीच्या आईबापांपुढें दुसरा पेंच असतो. पोर चौदा-पंधराची झाली. आपण सहा महिने फडावर, घरीं म्हातारी आजी. तिला कोणाच्या भरंवशावर ठेवावें? बरोबर न्यावें तर शाळा सुटते आणि पाचटाच्या कोपींत तिची अब्रू सांभाळावी लागते. त्यांत हुंडा वयाबरोबर वाढतो, आणि दोघी बहिणींचें एका मांडवांत उरकलें तर जेवणावळीचा खर्च वांचतो. हे आईबाप दुष्ट नव्हेत. त्यांतील कित्येकांस आम्ही ओळखतों. मुलीच्या परीक्षेच्या फीसाठीं त्यांनीं उधार-उसनवार केलेली आम्हीं पाहिली आहे. म्हणूनच ही गोष्ट नुसत्या रागानें बोलण्यासारखी नाहीं.

परंतु जें आहे तें असें आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना त्यांच्या लग्नाचें वय विचारलें. सबंध महाराष्ट्रांत अठराच्या आंत लग्न झालेल्या शेंकडा सुमारें २२ निघाल्या. परभणी जिल्ह्यांत शेंकडा ४८. राज्यांत हा आंकडा सर्वांत मोठा. म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील जवळजवळ निम्म्या मुलींचें लग्न, ज्या वयांत लग्न करूं नये असें कायदा सांगतो, त्या वयांत झालेलें होतें. वर्गांत पन्नास मुली असतील तर चोवीस. आम्हीं हजेरीपट उघडून हा हिशेब करून पाहिला, आणि मग तो पुनः करून पाहण्याचें धैर्य झालें नाहीं.

ह्याच काळाविषयीं आयोगासंबंधीं एक तक्रार आम्हांसही करावयाची आहे. फेब्रुवारी २०२० मध्यें त्या वेळच्या अध्यक्षा श्रीमती विजया रहाटकर यांनीं राजीनामा दिला, आणि नव्या अध्यक्षा श्रीमती रूपाली चाकणकर यांची नेमणूक ऑक्टोबर २०२१ मध्यें झाली. मधले वीस महिने ती खुर्ची रिकामी होती. हेच ते करोनाच्या साथीचे महिने. शाळांना कुलुपें होतीं, लग्नाला पन्नासांवर माणसें जमवावयाचीं नाहींत असे निर्बंध होते, आणि पन्नास माणसांत उरकणारें लग्न गरिबास स्वस्त पडतें. कितीएक मुली त्या सुटींत गेल्या त्या शाळा उघडल्यावर परत आल्या नाहींत. सरकारें बदलतात, माणसें जातात व येतात, हें आम्हांस समजतें. पण ऐकून घेण्यासाठींच जें पद निर्माण केलें, तें अशा वेळीं इतके दिवस रिकामें राहावें, ह्याला काय म्हणावें? पुढें नव्या आयोगानें बालविवाहाचा विषय हातीं घेतला, व ज्या गांवीं बालविवाह होईल तेथील सरपंच व ग्रामसेवक यांनाही जबाबदार धरावें अशी मागणी सरकारकडे केली. आमच्या जिल्ह्यांतही 'बालविवाहमुक्त परभणी' ह्या नांवानें प्रशासनानें मोहीम चालविली.

कायदा काय म्हणतो हें थोडक्यांत सांगतों. १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो आमच्या आजोबांच्या कानींही फारसा पडला नाहीं. त्यांत मुलीचें वय चौदा धरलें होतें. १९७८ च्या दुरुस्तीनें तें अठरा व मुलाचें एकवीस झालें. हल्लीं चालू आहे तो २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. त्याप्रमाणें बालवधूशीं लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा, आणि तें घडवून आणणारे किंवा घडूं देणारे आईबाप अथवा इतर लोक, यांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. स्त्रीला मात्र कैदेची शिक्षा होत नाहीं. ज्या मुलीचें लग्न असें झालें तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तें रद्द करून मागतां येतें. लग्न होण्यापूर्वीं न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊं शकतात, आणि तो हुकूम मोडून लाविलेलें लग्न मुळींच लग्न ठरत नाहीं. खेड्यांत हें लग्न थांबविण्याचा अधिकारी दुसरा कोणी नसून आपला ग्रामसेवक आहे, व अंगणवाडीताई त्याच्या साह्यास आहे.

ह्या कायद्याच्या अकराव्या कलमांत आणखी एक शब्द आहे, आणि तो वाचला त्या दिवशीं आम्हांस रात्रीं झोंप लागली नाहीं. बालविवाहास हजर राहणें, हेंही त्या कलमांत घातलेलें आहे.

खिडकीजवळच्या बाकावर बसणारी ती मुलगी आठवींतून नववींत गेली तेव्हां वर्गांत तिसरी आली होती. तिचें अक्षर चांगलें होतें, म्हणून नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका आम्हीं तिच्याकडून लिहून घेतली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं तिचे वडील शिक्षकांच्या खोलींत आले, टोपी काढून नमस्कार केला, आणि लग्नपत्रिका टेबलावर ठेविली. आम्हीं पत्रिका वाचली. मुलीची जन्मतारीख आमच्या जनरल रजिस्टरांत होती. तें रजिस्टर दोन हातांवर, मागच्या कपाटांत होतें. तिला पंधरावें चालू होतें. आम्ही म्हणालों, "अरे वा, स्थळ कुठलें?" ह्याखेरीज एक शब्दही आमच्या तोंडून निघाला नाहीं. बोललों असतों तर वाईटपणा आला असता, दुसऱ्या वर्षीं त्या वस्तीवरून मुली शाळेंत आल्या नसत्या, आपण शिक्षक, आपल्याला काय अधिकार, असे अनेक विचार मनांत आले, आणि ते सगळे फार शहाणपणाचे वाटले. लग्नास आम्ही गेलों. स्टीलचा डबा आहेर केला. जेवलों. मांडवांत तिनें आम्हांस पाहिलें व वर्गांत शिक्षक आल्यावर मुलें उठतात तशी ती बसल्या जागेवरून अर्धी उठली. मग शेजारच्या बायकांनीं तिला खालीं बसविलें.

त्या वेळीं काय करतां आलें असतें, हें आज सांगतां येतें. ग्रामसेवकास भेटतां आलें असतें. ताडकळसचें पोलीस ठाणें गांवांतच आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक आहे. तेथें दिवसरात्र माणूस असतें, पैसे पडत नाहींत, आणि खबर देणाऱ्याचें नांव गुप्त ठेवितात. स्त्रियांसाठीं १८१ व कोणत्याही संकटांत ११२ हे क्रमांक आहेत. महिला आयोगाचा स्वतःचा क्रमांक १५५२०९ हा आहे. लग्न दोन दिवसांवर असतां मुंबईस अर्ज पाठवून कांहीं होणार नाहीं. तेथें १०९८ आणि ग्रामसेवक हेच कामाचे. पण ग्रामसेवकानें तोंड फिरविलें, ठाण्यांत नोंद घेतली नाहीं, किंवा लग्न होऊन गेल्यावर मुलीस त्रास होऊं लागला, म्हणजे आयोगाचें दार आठवावें. आणि ह्या सर्वांच्या आधीं, पत्रिका छापण्यापूर्वीं, मुलीच्या वडिलांना शाळेंत बोलावून चहा देऊन दोन घटका बोलतां येतें. गेल्या तीन वर्षांत आम्हीं असें चार घरीं केलें. दोन ठिकाणीं लग्न पुढें ढकललें गेलें. एका ठिकाणीं आम्हांस दारांतून परत लाविलें, आणि खबर दिल्यावर अंगणवाडीताई व पोलीस जाऊन तें थांबलें; त्या घरचा मुलगा अजून आमच्याशीं बोलत नाहीं. चौथें लग्न नात्यांतल्या दुसऱ्या गांवीं नेऊन लाविलें.

दहावीच्या मराठीच्या पेपरास पत्रलेखन असतें. ग्रंथपालास पत्र, संपादकास पत्र असे विषय मुलांना पाठ झालेले आहेत. ह्या वर्षीं सराव परीक्षेंत आम्हीं "राज्य महिला आयोगास तक्रार अर्ज लिहा" असा विषय घातला. मुलांनीं बहुतेक हुंड्याविषयीं लिहिलें, एकानें आपल्या आईस रेशनच्या दुकानांत होणाऱ्या त्रासाविषयीं फार चांगलें लिहिलें. मागच्या बाकावरील आमचे मोंढेवाले विद्यार्थी नववींतले, त्यांनीं दहावीच्या मुलांकडून प्रश्न ऐकून आम्हांस विचारलें कीं, आमच्या वर्गाला हा विषय कधीं देणार. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेंत अर्ज नीट नमुन्याबरहुकूम होता. ज्या मुलीच्या लग्नाविषयीं तो लिहिला होता तिचें वय, इयत्ता, लग्नाची तिथि, मांडवाचें ठिकाण, सारें होतें. पण खालीं अर्जदाराचें नांव नव्हतें. पेपर परत देतांना तिनें विचारलें, "सर, खरें नांव लिहावेंच लागतें का?" आम्हीं तिला तास संपल्यावर थांबावयास सांगितलें, आणि तिथि केव्हांची आहे तें पाहण्यासाठीं तिची उत्तरपत्रिका पुनः मागून घेतली.